तंबाखू महाग करावी की विक्रीच बंद करावी?

बंदी ऐकायला सरळ वाटते. भूतानने 2004 मध्ये देशभर तंबाखूची विक्री थांबवली. सवय मात्र सुटली नाही, माल सीमेपलीकडून चोरून येत राहिला. कोविडच्या काळात या तस्करीबरोबर संसर्गही येईल अशी भीती वाढली आणि 2021 मध्ये बंदी उठली. न्यूझीलंडने 2022 मध्ये वेगळा कायदा केला: 2009 पासून जन्मलेल्यांना सिगारेट कधीच विकायची नाही. सरकार बदलले आणि तो नियम लागू होण्याआधीच, 2024 मध्ये, रद्द झाला.

करवाढीला असा थाट नाही. (निवडणुकीत मिरवायलाही ती सोयीची नाही.) पण किंमत 10 टक्के वाढली की खप श्रीमंत देशांत साधारण 4 टक्के आणि इतरत्र 5 टक्क्यांच्या आसपास घटतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खिशात मोजके पैसे असलेली तरुण मुले आधी मागे हटतात. मेख अशी की सिगारेट महागली आणि सुटी तंबाखू स्वस्त राहिली, तर माणूस व्यसन सोडत नाही, फक्त वस्तू बदलतो. उत्पन्न वाढत असताना कर जागेवरच राहिला, तरी फायदा विरतो.

माझा कौल करवाढीला, पण सगळ्या प्रकारांवर आणि दरवर्षी. त्या पैशातून सोडू पाहणाऱ्यांसाठी समुपदेशन मोफत मिळायला हवे.