चादरीचा फोटो: जेपेग की पीएनजी?

सोलापुरी चादर आता गिऱ्हाईक आधी मोबाइलवर बघतं, मग भाव विचारतं. त्यामुळे ‘फोटो कशात सेव्ह करू?’ या प्रश्नाला ‘कशातही कर’ हे उत्तर चालत नाही. माझं मत सरळ आहे: मालाचा फोटो जेपेगमध्ये, अक्षरांचं काम पीएनजीमध्ये. मात्र आपल्या मालापुरती यात एक मेख आहे.

जेपेग १९९२ पासूनचं. कुठलाही फोन, कितीही जुना कॉम्प्युटर ते उघडतो. बारा मेगापिक्सेलचा फोटो जसाच्या तसा ठेवला तर ३६ एमबी होतो. जेपेग तो बहुधा तीन-चार एमबीत बसवतं. त्यासाठी ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही ते बारकावे टाकून देतं. टाकलेलं परत मिळत नाही. तीच फाइल उघडून, दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केली की आणखी थोडं जातं. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल वेगळी ठेवा, दुरुस्ती तिच्या कॉपीवर करा.

आता मेख. आपला डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. याचा फायदा घेऊन बरेच प्रोग्राम जेपेग बनवताना रंगाची माहिती रुंदीला आणि उंचीला निम्मी करतात. लग्नाच्या फोटोत हे कळतही नाही. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या चादरीत मात्र गडद लाल आणि हिरवा एकमेकांना खेटून असतात, आणि नेमका तिथेच रंग पसरल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, चादरीचाच रंग जातोय! टॉवेलचं दुखणं वेगळं: क्वालिटी फार उतरवली की टेरीचे फासे (टॉवेलवरचे उभे धाग्यांचे वेढे) सपाट होतात आणि जाडजूड टॉवेल पातळ भासतो. दोन्हीवर उपाय आहे. क्वालिटी ८५ ते ९० ठेवा, आणि एक्स्पोर्ट करताना ४:४:४ (म्हणजे रंगाची माहिती निम्मी न करता पूर्ण ठेवणारा) हा पर्याय मिळत असेल तर तो निवडा. फाइल थोडी फुगेल, फुगू द्या.

पीएनजी १९९६ चं. त्यात काहीच गळत नाही, शिवाय मागचं पारदर्शक ठेवता येतं. दुकानाचा लोगो आणि भावपत्रक यातच करावं. जेपेगमध्ये अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. फोटो मात्र पीएनजीत कित्येक पट जड होतो. आणि छपाईच्या चार शायांचं रंगमाप, सीएमवायके, त्यात बसत नाही, त्यामुळे लेबल छापायला देताना पीएनजीवर भिस्त ठेवू नका; पीडीएफ किंवा सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर पीएनजीची सगळी मेहनत वाया जाते, कारण ते स्वतःच पुन्हा दाबून जेपेग करतं. बारकावे दाखवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसं पाठवताना फोनमधल्या जेपेगमध्ये फोटो काढल्याच्या जागेची नोंद असू शकते, एवढं ध्यानात असू द्या. माग घरातच असेल तर विशेष.

गूगलचं २०१० मधलं वेबपी दोघांपेक्षा हलकं, पारदर्शकताही देतं. स्वतःच्या वेबसाइटला उत्तम. व्यापाऱ्याला पाठवायला नको, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडत नाही. ऑनलाइन बाजाराला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो हवा असेल तर पारदर्शकतेची गरजच उरत नाही, जेपेग पुरे.