थंड देशातून परतताना: सोलापूरचं ऊन की मुंबईचा उकाडा?

कॅनडा किंवा इंग्लंडातून कायमचं परतायचं ठरलं की आधी तापमानाचे आकडे काढले जातात. मे महिन्यात मुंबईचं कमाल तापमान ३३-३४ अंश, सोलापूरचं ४० च्या वर. तेवढ्यावर सोलापूर बाद होतं. हा निकाल घाईचा आहे.

अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि घाम किती वाळेल हे हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या सोलापुरी दुपारी तो साधारण २३ अंश दाखवेल. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना तोच आकडा २७ च्या पुढे जातो. म्हणून सोलापुरात सावलीत गेलं की लगेच फरक पडतो आणि मुंबईत पंख्याखालीही शर्ट अंगाला चिकटून राहतो.

कोरड्या हवेचा धोकाही इथेच आहे. घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. नवख्या माणसाला दोन-तीन दिवसांनी डोकेदुखी आणि पायात गोळे येतात ते यामुळेच. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावं आणि तहानेची वाट न पाहता घोट घोट घ्यावं. मधुमेह असेल किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर येण्याआधीच डॉक्टरांशी बोला. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

घराबाबत परदेशातली सवय उलटी पडते. तिथे दक्षिणेची खिडकी मोलाची असते. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही, सगळा मारा छतावर आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर होतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडतो. घेतलाच असेल तर गच्चीवर चिनी मोझाइक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) किंवा दर फेब्रुवारीत पांढऱ्या चुन्याचे दोन हात, आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा. आतला पडदा फारसा उपयोगी नाही, काचेतून ऊन आत आल्यावर तो अडवून काय साधणार? सकाळी नऊला खिडक्या बंद, सूर्य मावळल्यावर सताड उघड्या.

मुंबईत एसीशिवाय इलाज नाही; कुलर तिथल्या दमट खोलीत आणखी ओल भरतो. सोलापुरात चांगला डेझर्ट कुलर ४१ अंशांची हवा २७-२८ पर्यंत आणतो, तोही दीड टनाच्या एसीच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या विजेत. शिवाय वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर कुलर निभावतो, एसी नाही. कुलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर, असा बसवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दारं-खिडक्या लावून घेतल्या की तासाभरात चिकचिक सुरू होते, आणि मग लोक कुलरलाच दोष देतात. पावसाळ्यात मात्र तो इथेही निरुपयोगी. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर एका खोलीला एसी हवाच.

सोलापूरची खरी अडचण पाण्याची आहे. शहराला मुख्यतः उजनी धरणाचं पाणी येतं, आणि नळ रोज येत नाही; चार-पाच दिवसांआड येण्याची तयारी ठेवावी लागते. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना पाच दिवसांसाठी २७०० लिटर लागतात. मोठा कुलर कडक दुपारी तासाला दहा लिटर सहज पितो, म्हणजे आठ तासांचे ८० आणि पाच दिवसांचे ४००. म्हणून ३१०० लिटरपेक्षा कमी साठवण असलेलं घर पाहून परत फिरा. भाड्याचं घर बघताना हौद केवढा, टाकी केवढी आणि बोअर उन्हाळ्यात टिकतो का, हे मालकाऐवजी शेजाऱ्यांना विचारा. बोअरचं जड पाणी कुलरला वापरलं तर त्याच्या जाळीतल्या गवतावर पांढरा थर बसून हवा अडते. आठवड्यातून एकदा कुलरची टाकी पूर्ण रिकामी करून घासा. तसंही डेंग्यूच्या डासांसाठी ते करावंच लागतं.

सामानाचं थोडक्यात: मुंबईत चामडं, पुस्तकं आणि लोकरीला बुरशी येते; सोलापुरात लाकडाचे सांधे उघडतात, ओठ फुटतात, मुलांचा घोळणा फुटतो. मुंबईत त्याऐवजी घामोळं. कॅनडातली ११०-१२० व्होल्टची मिक्सर-इस्त्री कुठल्याच गावी आणू नका. एक स्वेटर ठेवा, सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा १५-१६ पर्यंत उतरतो, आणि अंगावर घ्यायला सोलापुरी चादर आहेच.

नोकरी संगणक क्षेत्रातली आणि कार्यालयात रोज हजेरी लागणारी असेल तर मुंबई किंवा पुणे घ्या, सोलापुरात तशा जागा फार थोड्या. घरून काम करणाऱ्यांना आणि निवृत्तांना आम्ही सोलापूरच सुचवू. २०२३ पासून वंदे भारतने मुंबई साडेसहा तासांवर आली आहे. फक्त एप्रिल-मेमध्ये सामान उतरवू नका. नोव्हेंबरात या, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आरामात बघून होईल आणि फेब्रुवारीपासून चढत जाणाऱ्या उन्हाची अंगाला हळूहळू सवय होईल. घर विकत घेण्याचा विचार असेल तर पहिला उन्हाळा भाड्याच्या घरात काढा, आणि मनात असलेला फ्लॅट मेमध्ये दुपारी चार वाजता, पंखा बंद करून पाहा.