फ्लुटिकासोनचा नाकात मारायचा स्प्रे : मिरचीच्या सीझनमध्ये वापरून लिहितेय

५ पैकी ४ स्टार. आम्ही नंदुरबारचे, म्हणजे हिवाळ्यात पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा सुटला की निम्मं गाव खोकतं. आता मिरची काही खरी ॲलर्जी नाही, ती नुसती झोंबते, पण माझं नाक आधीच धुळीने नि गाजरगवताने सुजलेलं, त्यात ही भर. सकाळी उठलं की शिंकांची लाईनच लागायची, ॲलर्जीची गोळी घेतली की शिंका थांबायच्या पण नाक चोंदलेलंच. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी हा स्टिरॉइडचा स्प्रे लिहून दिला.

स्टिरॉइड म्हटलं की घरात सगळे दचकतात. सासूबाई तर म्हणे, "नाकमा हाई काय मारी ऱ्हायनी व माय?" पण किडनीच्या वरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवतात, हे औषध त्याचंच भाऊबंद, आणि नाकातल्या नाकात काम करतं, गिळलं गेलं तरी रक्तात फारच थोडं पोचतं.

गोळीने जे झालं नाही ते याने कसं झालं तर, धूळ आली की नाकातल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, शिंका-खाज-पाणी त्याचं, गोळी तेवढंच अडवते. काही तासांनी सूज आणणाऱ्या इओसिनोफिल पेशींची फौज येते आणि नाक बंद पडतं. स्प्रे थेट पेशींच्या आत जाऊन त्या फौजेला बोलावणारे निरोपच कमी करतो, इंटरल्यूकिन ४, ५, १३ वगैरे. म्हणून त्याला वेळ लागतो, पूर्ण फरक यायला कधी दोन आठवडेसुद्धा, दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून फेकू नका. लगेच नाक मोकळं करणारे ते ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब वेगळे, ते ३ ते ५ दिवसांच्या वर घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

बायकांसाठी मुद्दाम लिहितेय. ज्या मास्ट पेशी कॉर्टिसोलचं ऐकतात त्या इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचंही ऐकतात, फक्त उलट्या दिशेने, लॅबमध्ये इस्ट्रोजेनने त्या जास्त हिस्टामिन सोडताना दिसल्यात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन मात्र उंदरांच्या प्रयोगांत ॲलर्जीच्या काही पेशींना दाबताना दिसलं. लहानपणी हा त्रास मुलग्यांना जास्त, वयात आल्यावर मुलीही बरोबरीला येतात किंवा पुढे जातात, यामागे हेही एक कारण मानतात. पाळीच्या आधी माझं नाक जास्त बंद होतं हे सांगितल्यावर डॉक्टरांनी कॅलेंडरवर खुणा करायला सांगितल्या, हसण्यावारी नेलं नाही, मला फार बरं वाटलं. सगळ्याच डॉक्टरांनी हे विचारायला हवं खरं तर. आणि गरोदरपणात ॲलर्जी नसतानाही नाक चोंदू शकतं, तेव्हा कुठलाही स्प्रे स्वतःच्या मनाने नको, डॉक्टर त्या वेळी बहुतेकदा ब्युडेसोनाइड निवडतात.

एक स्टार कापला तो वासासाठी. गुलाबासारखा उग्र वास येतो नि घशात उतरतो, जेवणाआधी मारला तर कळण्याच्या भाकरीलाही तोच वास. मारताना मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेने, नाहीतर रक्त येतं. जोरात ओढूही नका, सगळं घशात जातं. बाटली आधी हलवायची, नवीन असेल तर हवेत काही फवारे उडवून मगच नाकात. माझ्या बाटलीवर १२० फवारे लिहिलेत, तेवढे झाल्यावरही आत औषध हललेलं जाणवतं पण मात्रा बरोबर पडत नाही, म्हणून सुरू केल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा.