121 पराभवांचा हंगाम आणि 35व्या रस्त्यावरचे मैदान: एका प्रेक्षकाचा अभिप्राय

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने 2024च्या हंगामात 162 पैकी 121 सामने गमावले. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या आधुनिक काळात, म्हणजे 1901पासून, एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. 1962 साली न्यूयॉर्क मेट्स 120 सामने हरले होते आणि त्यांचा तो नकोसा विक्रम बासष्ट वर्षे टिकला. व्हाइट सॉक्सचे या हंगामातले अकरा सामने मी मैदानात बसून पाहिले आणि बाकीचे बरेचसे घरी दूरचित्रवाणीवर. शिकागोच्या पश्चिम उपनगरांत राहणारी अनेक मराठी कुटुंबे सुट्टीत मुलांना घेऊन एखादा सामना पाहायला जातात आणि ‘असा हरणारा संघ पाहायला पैसे खर्च करावेत का’, असे मला त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. मैदान, तिथली व्यवस्था आणि तिथे भेटणारी माणसे यांच्यासाठी तिकिटाचे पैसे अवश्य मोजावेत. संघ चालवणाऱ्यांनी मात्र प्रेक्षकाचे देणे त्या वर्षी फेडले नाही, आणि ते देणे केवळ विजयाचे नव्हते.

ज्यांना या खेळाची सवय नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बेसबॉलमध्ये अव्वल संघही हंगामात साठेक सामने हरतो आणि तळाचा संघही साधारण साठ सामने जिंकतो, त्यामुळे फक्त 41 विजय मिळवणे ही निव्वळ कमकुवतपणाची नव्हे, तर संपूर्ण घडी विस्कटल्याची खूण आहे. मेट्सचा संघ 1962 साली नुकताच जन्माला आला होता आणि इतरांनी सोडून दिलेल्या खेळाडूंवर उभा होता. व्हाइट सॉक्स हा अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या, 1901च्या पहिल्या संघांपैकी एक. त्याने 2005 साली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका, जिंकली आणि 2021 साली 93 विजय मिळवून आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. तिथून तीन वर्षांत 121 पराभवांपर्यंत येणे हे नशिबाचे फेरे म्हणून सोडून देता येत नाही.

पहिला सामना 28 मार्चला घरच्या मैदानावर डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध होता. गॅरेट क्रोशे हा उंच, डावखुरा पिचर तोवर मेजर लीगमध्ये केवळ राखीव म्हणून, सामन्याच्या मध्यावर किंवा अखेरीस चेंडू टाकत आला होता. त्याला थेट हंगामाच्या पहिल्या चेंडूची जबाबदारी दिली गेली आणि त्याने नऊपैकी सहा इनिंग टाकून आठ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर स्वतःच बाद केले. सामना मात्र आपण 1-0 असा हरलो. माझी मुलगी स्कोअरकार्डवर पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद ठेवते. तिच्या त्या दिवशीच्या कागदावर क्रोशेच्या बाजूला स्ट्राइकआउटच्या खुणांची ओळ आहे आणि आपल्या बॅटरांच्या बाजूला एकामागून एक रिकामे चौकोन. त्या एका कागदात पुढचे सहा महिने होते, हे तेव्हा आम्हाला कळले नाही. पहिल्या 25 सामन्यांत 3 विजय आणि 22 पराभव झाले, तेव्हा कळले.

मैदानाविषयी आता नीट लिहिते, कारण अभिप्राय म्हणून उपयोगी पडेल तो भाग हाच आहे. 2024मध्ये त्याचे नाव गॅरंटीड रेट फील्ड होते, हंगाम संपल्यावर ते नुसते रेट फील्ड झाले. लोक आजही त्याला ‘सॉक्स पार्क’ म्हणतात. 1991 साली उघडलेले हे मैदान जुन्या कॉमिस्की पार्कच्या अगदी समोर बांधले गेले आणि जुन्या मैदानातली होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो ती पट्टी, जिथे होती ती जागा आज वाहनतळात संगमरवरी फरशीने दाखवलेली आहे. गाडी लावून आत जाण्यापूर्वी तिथे दोन मिनिटे थांबावे. लाल मार्गिकेची मेट्रो थेट सॉक्स-35व्या रस्त्याच्या स्थानकावर सोडते आणि तिथून प्रवेशद्वार चालत काही मिनिटांवर आहे, त्यामुळे शहरातून येणाऱ्यांनी गाडी आणण्याची मुळीच गरज नाही. वरच्या मजल्याचा उतार तीव्र आहे, ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी खालच्या भागातली तिकिटे घ्यावीत. मैदानाचे तोंड आग्नेयेला असल्यामुळे आसनावरून शहराच्या उंच इमारती दिसत नाहीत, ही जुनी तक्रार रास्त आहे. वर जाणाऱ्या चढाच्या मार्गावरून मात्र त्या दिसतात आणि संध्याकाळच्या सामन्याआधी तिथे उभे राहणे मला फार आवडते.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. एलोते नावाचा मेक्सिकन पद्धतीचा मका या मैदानाची खास ओळख आहे. उकडलेल्या कणसाचे दाणे आपल्यासमोर सुरीने सरसर कापून वाटीत पडतात, त्यावर लोणी, मेयोनीज, चीज, लाल तिखट आणि लिंबू. मेयोनीज नको म्हणून सांगितले की पावसाळ्यात सिंहगडावर खाल्लेल्या कणसाची आठवण यावी इतकी ती चव जवळची होते. तिकिटांसाठी एक सावधगिरी सांगते. मी एकदा एका पुनर्विक्री संकेतस्थळावरून चार तिकिटे घेतली, तेव्हा सुरुवातीला दाखवलेली किंमत आणि शेवटी खात्यातून गेलेली रक्कम यांत सेवाशुल्काच्या नावाखाली इतका फरक पडला की स्वस्त तिकिटाला काही अर्थच उरला नाही. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी एकूण रक्कम पाहावी.

उन्हाळ्यात माझे वडील साताऱ्याहून आले होते. आयुष्यभर क्रिकेट पाहिलेला माणूस, त्यामुळे बेसबॉलचे नियम समजायला त्यांना दोन सामने पुरले. नातीने त्यांना स्कोअरकार्ड शिकवले. पिचर म्हणजे 1, कॅचर म्हणजे 2, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, 6, आणि शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर (4), तिथून पहिल्या बेसवर (3) फेकून दोन गडी बाद केले तर कागदावर लिहायचे 6-4-3. जुलैच्या अखेरीस सिॲटल मरिनर्सविरुद्धचा सामना आम्ही तिघांनी पाहिला तेव्हा सलग पराभवांची मालिका चालू होती. आजूबाजूला बरीच आसने रिकामी होती. बाबा मला म्हणाले, “अगं, हे क्षेत्ररक्षण बघ. पोरं धावतायत, पण एकाला दुसरा कुठं आहे हे माहीतच नाही.” त्यांना खेळाडूंची नावेही माहीत नव्हती, तरी त्यांनी नेमके तेच पाहिले जे मी एप्रिलपासून पाहत होते.

ती मालिका 10 जुलैला सुरू झाली आणि 5 ऑगस्टला सलग 21 पराभवांवर पोहोचली. 1988च्या बाल्टिमोर ओरिओल्सने केलेल्या अमेरिकन लीगच्या विक्रमाशी ती बरोबरी होती. 21 हा आकडा ऐकून बाबांना 1964 सालच्या मद्रास कसोटीतली बापू नाडकर्णींची सलग 21 निर्धाव षटके आठवली आणि त्या संध्याकाळी नातीला त्यांनी ती सगळी कहाणी सांगितली. दुसऱ्या दिवशी, 6 ऑगस्टला, ओकलंडमध्ये आपण 5-1 असे जिंकलो. आमच्याकडे तेव्हा अकरा वाजून गेले होते, मुलीला उठवून शेवटची इनिंग दाखवली. दोन दिवसांनी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेड्रो ग्रिफोल यांना काढण्यात आले आणि उरलेल्या हंगामासाठी ग्रेडी साइझमोर यांच्याकडे संघ सोपवला गेला.

मॅनेजर बदलून प्रश्न सुटणार नव्हता, कारण दुखणे मुळात होते. 2016च्या अखेरीस व्यवस्थापनाने क्रिस सेलसारखा पिचर दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात तरुण खेळाडू घेतले, पुढच्या वर्षी होसे किंताना यालाही दिले आणि प्रेक्षकांना सांगितले की काही वर्षे कळ सोसा, नंतर दीर्घकाळ जिंकणारा संघ मिळेल. प्रेक्षकांनी कळ सोसली. 2020 आणि 2021मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, पण एकही फेरी जिंकला नाही. 2022 साली 81 विजय आणि 81 पराभव, 2023 साली 101 पराभव. त्या पिढीतला डिलन सीझ 2024चा हंगाम सुरू होण्याआधीच सॅन डिएगोला दिला गेला आणि जुलैत त्याने त्या संघाकडून नो-हिटर टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण सामन्यात एकही हिट (चेंडू मारून सुरक्षित बेस गाठणे) मिळू दिला नाही. एलॉय हिमेनेस, लुइस रॉबर्ट आणि योआन मोंकाडा हे तिघे हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच जायबंदी झाले. दुखापती कुणाच्या हातात नसतात, हे मान्य आहे. परंतु तीन माणसे पडल्यावर त्यांची जागा घेईल असा एकही तयार खेळाडू खालच्या श्रेणीतल्या संघांतून येऊ नये, हा वर्षानुवर्षांच्या निवडीचा आणि प्रशिक्षणाचा दोष आहे. या संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिनटेंडी याच्याशी झालेला 7.5 कोटी डॉलरचा आहे. शिकागोसारख्या शहरातल्या संघाने शंभर कोटींच्या बाता माराव्यात असे माझे म्हणणे नाही, पण इतर संघ ज्या रकमेपासून बोलणी सुरू करतात तिथे आपण थांबतो, हे 1981पासून मालकीची सूत्रे हाती असलेल्या जेरी राइन्सडॉर्फ यांनी प्रेक्षकांना कधी पटेल असे समजावून सांगितलेले नाही. संपूर्ण हंगामात संघाने 507 धावा केल्या, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी.

22 सप्टेंबरला सॅन डिएगोत 120वा पराभव झाला आणि संघ घरी परतला. 24 सप्टेंबरला एंजल्सविरुद्धच्या सामन्याला मी मुलीसह गेले. बरेच लोक विक्रमी पराभव ‘मी प्रत्यक्ष पाहिला’ म्हणण्यासाठी आले होते हे उघड होते. ‘संघ विका’ अशा घोषणा सुरू झाल्या आणि त्या घोषणांमागे द्वेष नव्हता, दुखावलेली माणसे होती. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगात 2005ची, धुऊन धुऊन फिकी झालेली जर्सी होती. ते घोषणा देत नव्हते, पण प्रत्येक घोषणेला मान हलवत होते. आठव्या इनिंगपर्यंत आपण 2-0 असे मागे होतो. सात इनिंगनंतर मागे असताना या संघाने तोवर हंगामात एकही सामना जिंकलेला नव्हता, त्यामुळे मुलीने पेन्सिल दप्तरात ठेवली होती. मग हिट मिळू लागले. एक, मग दुसरा. तिने पेन्सिल पुन्हा काढली. त्या इनिंगमध्ये तीन धावा झाल्या आणि सामना 3-2 असा आपण जिंकलो. पाच मिनिटांपूर्वी मालकाविरुद्ध ओरडणारेच लोक खेळाडूंसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि पुढच्या रांगेतले ते गृहस्थ मागे वळून माझ्या मुलीला विचारत होते की शेवटचा गडी कसा बाद झाला हे तू कसे लिहिलेस, दाखव. धावफलकामागून विजयाचे फटाके उडाले. घरच्या मैदानावर विजयाचे ते फटाके 81 सामन्यांत 23 वेळाच उडाले.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन विजय मिळाले. 121वा पराभव 27 तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला, ज्या संघाकडून मार्चमध्ये 1-0 हरलो होतो त्याच संघाकडून. शिकागोच्या प्रेक्षकांसमोर तो झाला नाही, याचे श्रेय त्या तीन दिवसांत खेळलेल्या मुलांना द्यायलाच हवे.

इतक्या पराभवांनंतर निदान नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला क्रमांक मिळेल, असे कुणालाही वाटेल. तसेही झाले नाही. मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला पहिले क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत लागोपाठ दोन वर्षे भाग घेता येत नाही, या नियमामुळे 2025च्या निवडीत व्हाइट सॉक्स दहाव्या क्रमांकावर होते. आणि 146 इनिंगमध्ये 209 बॅटर स्ट्राइकआउट करणारा, ज्याच्यासाठी मी मुद्दाम तारखा पाहून तिकिटे काढत असे, तो क्रोशे डिसेंबरमध्ये बोस्टनला गेला. त्याच्या बदल्यात चार तरुण खेळाडू आले. पुन्हा कळ सोसायला सांगितले गेले.

म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे असे. मैदानाला आणि तिथल्या सोयींना मी पाचांपैकी चार गुण देते, संघाच्या 2024च्या व्यवस्थापनाला एकही देत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर मे किंवा सप्टेंबरमधला आठवड्याच्या मधला दिवस निवडावा, तिसऱ्या बेसच्या बाजूची खालची आसने घ्यावीत, मका पहिल्या तीन इनिंगमध्येच घ्यावा, कारण नंतर रांग वाढते, आणि मुलांसाठी पेन्सिल घरून न्यावी. आम्ही 2025साठी सहा सामन्यांची तिकिटे घेतली होती. त्यातला एक जुलैतला होता, कारण बाबांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी फोन करून सामन्यांचे वेळापत्रक मागवून घेतले.