टिळकवाडीतील एक खानावळ आणि बेळगावची संध्याकाळ

बेळगावात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला खोली फारशी शोधावी लागत नाही. जेवणाची सोय मात्र पारखून घ्यावी लागते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या परिसरात घरगुती खानावळी बऱ्याच आहेत. त्यांतल्या ज्या खानावळीचे मासिक कार्ड माझ्याकडे आहे तिला पाटीच नाही, त्यामुळे नाव सांगण्याची सोय नाही. जिन्याखाली पडलेला चपलांचा ढीग हीच तिची खूण. या शहरात राहण्याचे निम्मे सुख संध्याकाळनंतरचे आहे. म्हणून खानावळ त्या सुखाच्या आड येते की त्याला सांभाळून घेते, हेही मी चवीइतकेच महत्त्वाचे मानतो.

जेवणात ज्वारीची भाकरी किंवा पोळी, एक उसळ, एक भाजी, आमटी, भात आणि शेंगदाण्याची चटणी असते. चटणीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. ती मिक्सरमधून काढलेली नसून लसूण घालून खलबत्त्यात कुटलेली असते, त्यामुळे तिला तेल सुटते आणि भाकरीच्या घासाला ती धरून राहते. भरली वांगी ज्या दिवशी असतात त्या दिवशी उशिरा येणाऱ्याला रस्साच मिळतो. आमटी मात्र बहुतेक वेळा पातळ असते, आणि पोळ्या नऊच्या पुढे चिवट होतात. रविवारी दुपारच्या फिस्टला मसालेभात आणि वाटीभर कुंदा मिळतो. कुंदा बाजारातून आणलेला असतो, पण आटवलेल्या दुधाला तपकिरी रंग येईपर्यंत धीर धरलेला असतो, हे पहिल्या चमच्यालाच कळते.

खाड्याचा हिशेब ही या खानावळीची खरी प्रतिष्ठा आहे. दाराजवळच्या खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली आहे. सकाळी दहापूर्वी तिच्यात आपले नाव लिहिले, की रात्रीच्या जेवणाचा खाडा धरला जातो आणि तेवढे जेवण पुढच्या महिन्यात जमा होते. याआधी ज्या खानावळीत मी जात असे तिथे सलग चार दिवस गैरहजर राहिल्याखेरीज खाडा मिळत नसे, आणि तो मागताना उधारी मागितल्यासारखे वाटे. येथे खानावळ चालवणाऱ्या काकू स्वतःच वही पुढे करतात. व्याख्यानाला जाणार असे आधी सांगून ठेवले, तर खाडा न धरता ताट झाकून ठेवण्याचीही त्यांची तयारी असते. परीक्षेच्या दिवसांत कोणी दोनच घास खाऊन उठू लागला, तर ‘आणि अर्धी भाकरी घे की रे’ असे म्हणून त्या वाढतातच. नाही म्हणायची सोय नसते.

पंगतीला बसणारी मंडळी हे शहर कशावर उभे आहे ते सांगून जातात. खानापूर रस्त्याने उद्यमबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि पुढे मच्छेच्या बाजूला, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाणाऱ्यांना टिळकवाडी सोयीची पडते. राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला, म्हणजे शहराच्या अगदी उलट बाजूला असल्याने तिथले विद्यार्थी इकडे क्वचितच दिसतात. गोव्याहून आलेली मुले कोकणी बोलतात, धारवाडकडची मुले काकूंना अक्का म्हणतात, आणि ‘अन्न बेकू’ ऐकले की वाढणारा मुलगा न बोलता भाताचे पातेले आणतो. सीमाप्रश्नावर सभांतून तावातावाने बोलले जाते, पण या ताटांवर मी आजवर वाद झालेला पाहिलेला नाही. (क्रिकेटवरून मात्र रोज होतो.)

राणी पार्वतीदेवी महाविद्यालय येथून पायी जाण्याइतके जवळ आहे. पु. ल. देशपांडे यांनी तिथे काही काळ अध्यापन केले होते, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला कोणी ना कोणी पहिल्याच आठवड्यात ऐकवतोच. १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, कोनवाळ गल्लीतील लोकमान्य रंगमंदिर, बॅरिस्टर नाथ पै व्याख्यानमाला, शास्त्रीय गायनाच्या बैठकी हे सारे रिक्षाच्या किरकोळ भाड्यात आटोक्यात येते, आणि पुष्कळ ठिकाणी तिकीटही नसते. नेहरूनगरातील कुमार गंधर्व रंगमंदिर तेवढे लांब पडते. मोठ्या शहरात कार्यक्रमाला जायचे म्हणजे अख्खी संध्याकाळ खर्ची पडते. येथे सहाला प्रयोगशाळेतून सुटलेला मुलगा साडेसहाला गाणे ऐकायला बसू शकतो, आणि गायकाने भैरवी लांबवली तरी साडेनवाच्या आत ताटावर पोहोचतो. खानावळ पावणेदहापर्यंत उघडी असते. कार्यक्रमाच्या दिवशी शेवटच्या पंगतीत ‘आज आवाज लागला नव्हता’ अशा थाटाची समीक्षा चालते, आणि तिच्यात यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी सर्वांत कडक असतात.

या व्यवस्थेत एकच मोठी खोट आहे. रविवारी रात्री खानावळ बंद असते, आणि चांगले नाट्यप्रयोग बहुधा त्याच रात्री येतात. नाटक संपवून बाहेर पडल्यावर गाड्यावरची भजी खाऊन झोपण्याची वेळ येते. काकूंनाही एक रात्र सुटी हवी, हे मान्य. पण बंदचा वार सोमवार केला तर कोणाचे काही बिघडणार नाही, असे मी त्यांना सुचवले आहे. ‘सोमवारी माझा उपास, त्या दिवशी मला स्वयंपाकाचं काही वाटत नाही,’ असे त्यांचे उत्तर आहे, आणि त्यापुढे बोलणे खुंटते. गणेश विसर्जनाच्या दिवशी रात्रीची पंगत सातलाच उरकतात, कारण मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि वाढणारी मुले त्यानंतर सापडत नाहीत.

ज्याला मांसाहार हवा, किंवा ज्याला एकट्याने मोबाईल बघत जेवायचे आहे, त्याने दुसरी जागा पाहावी. बाकीच्यांनी प्रवेशांचा हंगाम सुरू होण्याआधी येऊन कार्ड घ्यावे. महाविद्यालये उघडली की काकू नवी नावे लिहून घेणे थांबवतात, आणि मग ओळख सांगूनही उपयोग होत नाही.