मुरुड-कर्द्याची सहल: शेवटची सकाळ समुद्रावर, की आसूदमार्गे घरी?

दापोलीजवळच्या मुरुड, कर्दे, लाडघर या किनारपट्ट्यात सुट्टी काढायला आलेल्या कुठल्याही कुटुंबात शेवटच्या रात्री जेवताना एकच विषय निघतो. उद्या काय करायचं? मुलांना परत पाण्यात जायचं असतं. गाडी चालवणाऱ्याला लवकर निघायचं असतं. आजीला एखादं देऊळ राहिलेलं असतं. आणि बॅगा जिला भरायच्या असतात, तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मी हे पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितोय. मुंबईकरांनी ताम्हिणी घाटाचा भाग सोडून द्यावा, बाकीचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. आमच्याकडे दोन्ही पद्धतीने शेवटचा दिवस घालवून झालाय. एक म्हणजे सकाळ समुद्रावर काढायची, अंघोळी, जेवण उरकायचं आणि दुपारी निघायचं. दुसरी म्हणजे समुद्राचा निरोप आदल्या संध्याकाळीच घ्यायचा आणि सकाळी न्याहारी करून, वाटेत आसूदचं केशवराजाचं देऊळ करून घरचा रस्ता धरायचा.

समुद्राची बाजू अजिबात लेचीपेची नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मुलांची भीड चेपलेली असते. पहिल्या दिवशी घोटाभर पाण्यात किंचाळणारी आमची धाकटी आता लाट आली की आपणहून पाठ देऊन उभी राहते, आणि हे बघायला मिळतं ते शेवटीशेवटीच. सकाळी सातला कर्द्याचा किनारा मोकळा असतो, घोडेवाले यायचे असतात, वाळू थंडगार असते. शिवाय यजमान काकूंच्या हातचं एक जेवण जास्तीचं मिळतं. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर उकडीचे मोदकही मिळतात, आणि ते खाऊन निघण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. म्हणजे गाडी चालवायची नसेल तर.

पण समुद्र काही आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. भरती काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे साधारण तीच वेळ धरायची, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीपुरतं एवढं पुरतं. याचा अर्थ भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी जमून आलेली वेळ शेवटच्या दिवशी जमेलच असं नाही. शेवटचा दिवस चतुर्थी-पंचमीला आला तर सकाळी सातपासून पाणी मागेच जात असतं. मुरुडचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी गाठेपर्यंतच मुलं अर्धी दमतात, आणि त्या वेळचं पाणी माणसाला आत ओढतं. गावातली माणसं ओहोटीला आत जाऊ नका म्हणतात ते उगाच नाही. पौर्णिमेच्या आसपास मात्र आठला पाणी चढत असतं, तेव्हा मजा येते. बुकिंग करतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठेवली की शेवटच्या रात्रीचा निम्मा वाद आपोआप मिटतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. ते म्हणजे दहाचं चेकआउट.

कर्दे-मुरुडला बहुतेक घरगुती ठिकाणी खोली सकाळी दहाला सोडायची असते, फार तर अकराला. सातला पाण्यात गेलेली मुलं साडेआठला बाहेर येत नाहीत. नऊला येतात, तीही ओढून. अंगणातल्या नळावर पाय धुतले जातात, पण पायाची वाळू ही वाळूच नव्हे. खरी वाळू चड्डीच्या शिवणीत, कानामागे आणि केसांच्या मुळाशी असते. न्हाणीघर एक, माणसं पाच, आणि गीझर दोन बादल्यांनंतर हात टेकणारा. तिसऱ्या माणसापर्यंत मोरीच्या जाळीवर वाळूचा थर बसतो, पाणी तुंबतं, मग कुणीतरी वाकून बोटांनी जाळी मोकळी करायची. तोवर अंगणात पुढच्या पाहुण्यांची गाडी येऊन उभी राहिलेली असते. ती माणसं काही म्हणत नाहीत हो. झोपाळ्यावर बसून चहा पितात आणि अधूनमधून आपल्या दाराकडे बघतात. सगळ्या सुट्टीत मला एवढी घाई कधीच झालेली नसते, आणि नेमकी ती शेवटच्या तासात होते.

यातून सुटलात तरी ओले कपडे उरतातच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते कापडात बसलं की हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेला टॉवेल नुसता दोरीवर टाकून कितीही ऊन दिलं तरी हाताला चिकट लागतो. गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढल्याशिवाय तो वाळत नाही. शेवटच्या सकाळी खळबळायला वेळ कुणाला असतो? मग पाच जणांचे कपडे पिळून एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी डिकीत, आंब्याच्या पेटीशेजारी. महाडपर्यंत गाडीत कुबट वास पसरतो. काच खाली केली की हायवेची धूळ, वर केली की टॉवेल. रात्री अकराला घरी पोचल्यावर ती पिशवी उघडायची कुणी, यावर आमच्याकडे जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं मत तिथेच पक्कं झालं.

कुणी म्हणेल, एवढ्यातेवढ्यावरून समुद्र सोडायचा? ज्यांच्या घरी बॅग भरणारा आणि उपसणारा माणूस वेगवेगळा आहे, त्यांनी जरूर जावं.

दुसऱ्या पद्धतीत समुद्र कमी होत नाही, तो फक्त अलीकडे सरकतो. आदल्या संध्याकाळी सूर्य बुडेपर्यंत पाण्यात राहायचं. घाई नसल्यामुळे ती डुंबणी जास्त लांबते. मग निवांत अंघोळी, कपडे गोड्या पाण्यातून काढून रात्रीच पडवीतल्या दोरीवर. कोकणच्या हवेत ते सकाळपर्यंत ठणठणीत वाळतात असं नाही, पण इस्त्रीच्या अलीकडे येतात. शेवटचे दमट राहिलेले मोजे तेवढे गाडीच्या मागच्या काचेपाशी पसरायचे. सकाळी घावन-चटणी खाऊन साडेआठला निघालं की न्हाणीघराची रांग नाही, आणि चहा आपणही झोपाळ्यावर बसून पिऊ शकतो.

आसूद हे दापोली-हर्णै रस्त्यावरचं गाव, म्हणजे मुरुडहून निघाल्यावर वाटेतच. गाडी वर लावून खाली वाडीत उतरायचं. दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ, मध्ये पायवाट, पाटातून वाहणारं पाणी. सकाळी नऊलाही ऊन जमिनीपर्यंत पोचलेलं नसतं. तीन दिवस वाळूवर डोळे बारीक करून वावरल्यावर ती हिरवी सावली अंगावर येते तेव्हा मुलंसुद्धा काही वेळ गप्प होतात. खाली ओढ्यावरचा लहानसा पूल, तो ओलांडला की दगडी पायऱ्यांची चढण. देवळाच्या आवारात गोमुख आहे, त्यातून बारमाही पाणी पडतं. त्या पाण्याखाली हात धरला की कळतं, गारवा म्हणजे काय. आमचा थोरला तिथे बाटली भरून घेतो आणि घरी येईपर्यंत कुणाला पिऊ देत नाही. सगळं मिळून दीड-दोन तास पुरतात, आणि शेवटी भिजलेलं असतं ते फक्त मनगटापर्यंत.

गुडघे दुखणाऱ्यांना मात्र ही चढण जड जाते. माझ्या आईने एकदा चढून दाखवलं, नंतर मात्र तिने आसूदच्याच व्याघ्रेश्वराला पसंती दिली. तिथे केशवराजाइतकी चढण नाही, आणि देऊळ जुनं, शांत आहे. आम्ही वर जाऊन येईपर्यंत ती तिथे बसते. ज्यांना देवळंच नकोत, त्यांनी मुरुड गावातच थोडं फिरावं. महर्षी कर्व्यांचं हे गाव, एवढं मुलांना सांगायला तरी.

पुढे दापोलीत तासभर. आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी. हे सगळं शेवटच्या दिवशीच घ्यायचं, कारण आधी घेतलं की खोलीत मुंग्या येतात. समुद्रावरून दुपारी निघणाऱ्यांचं हे राहूनच जातं, आणि मग हायवेवरच्या कुठल्यातरी दुकानात दुप्पट भावाने घेतलं जातं.

गाडी चालवणाऱ्याची बाजूही सांगतो, कारण ती त्याला स्वतःला मांडता येत नाही. न्याहारी करून निघालं की खेडला हायवे गाठून, कशेडीचा बोगदा पार करून, जेवायला महाड-माणगाव आणि चारच्या सुमारास ताम्हिणी. उजेडात. पिरंगुट-भूगावची रविवारची कोंडी चुकत नाही, पण तीही उजेडात बरी वाटते. जेवून दीडला निघालं तर थंडीच्या दिवसांत ताम्हिणीतच अंधार पडतो. वळणांना दिवे नाहीत, मोबाइलला रेंज नाही, आणि मागच्या सीटवर मोदक व सोलकढी पोटभर झालेली मुलं. पुढचं ज्याचं त्याने ओळखावं. वरंधा-भोरमार्गे जाणाऱ्यांना यातलं फारसं वेगळं वाटणार नाही. पावसाळ्यात तो घाट अनेकदा बंद असतो, तेव्हा आधी चौकशी केलेली बरी.

एक तिसरी वाटही लोक सुचवतात: वेसवी-बागमांडला फेरीतून गाडी पलीकडे न्यायची, हरिहरेश्वर करायचं आणि म्हसळा-माणगावमार्गे बाहेर पडायचं. मुलांना गाडीसकट बोटीत बसायचं अप्रूप असतं, तेवढ्यासाठी एकदा करावं. पण सुट्टीच्या दिवसांत फेरीची रांग किती असेल हे तिथे पोचल्यावरच कळतं, आणि हरिहरेश्वरला पोचलं की मुलं पुन्हा पाण्याकडेच धावतात. म्हणजे फिरून तीच वाळू, आणि आता तर खोलीही नाही.

हर्णैच्या बंदरावरचा माशांचा लिलाव बघायचा असेल तर तो शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. रंगतो तो दुपार कलल्यावर, होड्या आल्या की. तेवढं थांबलात तर घरी मध्यरात्र होते. आदल्या दिवशी दुपारी जा, पापलेट-सुरमई घ्या, काकूंकडून त्याच रात्री करून घ्या. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून मासळी पुण्याला नेणारे मी पाहिलेत. बर्फाचं पाणी कुठे जातं हेही पाहिलंय.

शेवटच्या सकाळी समुद्र हवाच असेल, आणि दिवस फेब्रुवारी ते एप्रिलचे असतील, तर एक मधला मार्ग आहे. आंजर्ले आणि वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात आणि पिल्लं बाहेर आली की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी किनाऱ्यावर सोडतात. आंजर्लं मुरुडहून जवळ. कोरड्या वाळूवर उभं राहून बघायचं असतं, पाण्यात कुणी जायचं नसतं, आणि आमच्या मुलांनी तिथे एकदाही हट्ट केला नाही. पिल्लं रोज निघतातच असं नाही, तेव्हा आदल्या रात्री गावात विचारून मगच पहाटेचा गजर लावा. परतताना कड्यावरचा गणपती होतो, आणि तरी नऊला न्याहारीला हजर राहता येतं. आसूद मग अकराला.

तरीही काहींना समुद्रच बरा पडेल. तान्हं मूल असेल तर पायऱ्या नकोतच. खेडहून रात्रीची गाडी पकडायची असेल तर दिवस नाहीतरी काढायचाच असतो. आणि सोमवार-मंगळवारी निघणार असाल तर मागे पुढचे पाहुणे नसतात, मालक दुपारपर्यंत खोली राहू देतात, म्हणजे माझी मुख्य तक्रारच उरत नाही. तेव्हा बुकिंगचा फोन करताना एसी आहे का, वायफाय आहे का हे विचारून झालं की आणखी एक विचारा: खोली सोडल्यावर अंघोळीला बाहेरची मोरी मिळेल का? "हो, मागे आहे ना, चुलीवर पाणीपण तापवून देऊ" असं उत्तर आलं तर खुशाल समुद्रावर जा. "बघू, त्या दिवशी सांगतो" असं आलं, तर मी आसूदला असेन.