नेरूळमधील एसी दुरुस्ती सेवा: दोनदा गॅस भरला, गळती मात्र शोधली नाही

नेरूळ आणि सीवूड्स परिसरात एसी दुरुस्तीची कामे घेणाऱ्या एका सेवेचा एप्रिल ते जून या काळातला अनुभव येथे नोंदवीत आहे. वाद अद्याप मिटलेला नसल्यामुळे सेवेचे किंवा मालकांचे नाव लिहिणे मला उचित वाटत नाही. तारखा आणि रकमा मात्र माझ्याजवळच्या पावत्यांवरून दिल्या आहेत. पाचपैकी दोन तारे देत आहे.

आमचा एसी दीड टनाचा, इन्व्हर्टर, आर-32 गॅसवर चालणारा, सहा वर्षांपूर्वी घेतलेला स्प्लिट आहे. तो आईच्या खोलीत असल्यामुळे 9 एप्रिलला कूलिंग कमी झाल्याचे लक्षात येताच मी या सेवेला फोन केला आणि त्यांचा मेकॅनिक त्याच दिवशी संध्याकाळी आला. त्याने जेट पंपाने इनडोअर आणि आऊटडोअर दोन्ही युनिटे इतकी स्वच्छ धुतली, की त्या कामाचे 600 रुपये मी आजही परत मागत नाही. मग गेज लावून गॅस कमी असल्याचे सांगितले, गॅस भरला आणि त्याचे 2,800 रुपये घेतले. गॅस कमी का झाला, असे मी विचारले तेव्हा, ‘सहा वर्षे झाली ना काका, कमी होतोच,’ असे उत्तर मिळाले.

हे उत्तर चुकीचे होते, आणि पुढचा सगळा खर्च त्याच उत्तरातून उद्भवला. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, इनडोअर कॉइलमध्ये खोलीतली उष्णता घेतो आणि आऊटडोअर कॉइलमध्ये बाहेर सोडतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठून तरी निसटत आहे. तेव्हा गळती शोधल्याखेरीज गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी ओतणे होय. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. व्यवसाय करणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

21 मे रोजी कूलिंग पुन्हा बंद झाले आणि पॅनलवर एरर कोड दिसू लागला. या वेळी दुसरा मेकॅनिक आला, त्याने पीसीबी, म्हणजे एसीचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, खराब झाल्याचे सांगितले, बोर्ड काढून नेला आणि दोन दिवसांनी ‘रिपेअर करून’ परत बसवला. त्याचे 4,800 रुपये आणि ‘अर्धा गॅस’ भरल्याचे 1,800 रुपये असे एकूण 6,600 रुपये मी दिले. पावती मागितल्यावर वहीतून फाडलेला कागद मिळाला. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता; खाली ‘गॅसला वॉरंटी नाही’ असा शिक्का मात्र स्पष्ट उमटला होता.

14 जूनला तिसऱ्यांदा तोच प्रकार घडला. आता मालक स्वतः आले, त्यांनी आऊटडोअर कॉइलच गळत असल्याचे सांगितले आणि नव्या कॉइलसाठी 9,500 रुपयांचा अंदाज दिला. पाम बीच रोडच्या बाजूला खाडीची खारी हवा कॉइल खाते, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वसाधारणपणे खरे आहे; आमच्याच इमारतीत खाडीकडे तोंड असलेल्या घरांची दोन आऊटडोअर युनिटे गंजून गेलेली मी पाहिली आहेत. मात्र आमच्या कॉइलला गळती कोठे आहे, ते दाखवा, असे म्हटल्यावर ते दाखवू शकले नाहीत. मी काम थांबवले आणि उत्पादक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली.

तेथून आलेल्या मेकॅनिकने आधी पाईपमध्ये नायट्रोजनचा दाब दिला आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावला. बारीक पाईप युनिटला जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी पाचसहा सेकंदांत वाटाण्याएवढा बुडबुडा फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा फुगू लागला. नट काढून पाहिल्यावर पाईपचे पसरट केलेले तोंड एका बाजूने चिरलेले दिसले. त्याने तेवढा तुकडा कापला, नवे तोंड तयार केले, सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवला आणि युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेला 740 ग्रॅम गॅस वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून मोजून भरला. पीसीबीवरचा कारखान्यातला लेप कोठेही उचकटलेला नाही, असेही त्याने दाखवले; गॅस कमी झाल्यावर असे एसी स्वतःच बंद पडून कोड दाखवू शकतात, असे त्याचे म्हणणे होते. तो प्रतिस्पर्ध्याचा माणूस आहे, हे लक्षात घेऊनही, ज्या बोर्डावर डाग देण्याची (सोल्डरिंगची) खूणच दिसत नाही त्याच्या दुरुस्तीचे 4,800 रुपये कशाचे, हा प्रश्न उरतोच. अडीच महिने झाले, एसी व्यवस्थित चालू आहे.

पैसे परत मागितल्यावर मालकांनी शिक्क्याकडे बोट दाखवले. मी गॅसची वॉरंटी मागत नव्हतो. न केलेल्या निदानाचे आणि न केलेल्या दुरुस्तीचे पैसे मागत होतो, हा फरक तीन फोनमध्ये त्यांच्या गळी उतरला नाही. मग 9,400 रुपयांचा तपशील देणारे पत्र मी त्यांच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवले आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दाखल केली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष काम ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तक्रार शुल्क लागत नाही, हेही पत्रात लिहिले होते. आठवड्याभरात पीसीबीचे 4,800 रुपये खात्यात जमा झाले. सोबत खुलासा किंवा दिलगिरी काहीच नव्हते. एक तारा या परताव्यासाठी, आणि दुसरा पहिल्या दिवशी मन लावून धुलाई करणाऱ्या त्या मुलासाठी.

गॅसचे 4,600 रुपये मात्र मालक नाकारत आहेत. एप्रिलमध्ये सगळे सांधे तपासले होते आणि गळती त्यानंतर सुरू झाली असावी, असा त्यांचा दावा आहे. धुलाई झाल्यावर त्यांच्याच मेकॅनिकने कामाचा पुरावा म्हणून आऊटडोअर युनिटचे छायाचित्र मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबर पाईपमधून फिरत असल्यामुळे जेथून गॅस निसटतो तेथे तेलही झिरपते आणि त्यावर धूळ बसते. त्या छायाचित्रात सगळे युनिट चकचकीत आहे; फक्त बारीक पाईपच्या नटाभोवती, धुऊनही न गेलेला, काळपट तेलकट डाग आहे. त्यावर 9 एप्रिल ही तारीख आणि सायंकाळी 6 वाजून 52 मिनिटे ही वेळ आहे. आयोगाकडच्या तक्रारीला ते जोडत आहे.